बर्फाला पुरून उरलेलं झाड

इब्लेईच्या डोंगरात साठ वर्षं मेंढ्या राखल्या, म्हणून इथलं सगळं मला कळतं असा माझा समज. आमची आग्रिपिना म्हणते, "मेंढ्यांनीच तुम्हाला राखलं." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आता वाद कोण घालणार.

घळीतल्या त्या खुरट्या झुडपांना मी जन्मभर 'भिकारडं ओक' म्हणत आलो. मग ओर्नेलाबाई आल्या. झाडांचा अभ्यास करणाऱ्या.

"यानोकाका, हे ओक नाहीच," त्या म्हणाल्या. "हिमयुगात उत्तरेकडं याचे सगळे भाऊबंद थंडीनं मेले. इथं ऊब होती, ओल होती, म्हणून हे तगलं. आता उन्हाळे कोरडे पडतात, तर बिचारं घळ सोडत नाही."

"आणि मी त्याच्यावर मेंढ्या सोडल्या."

"मेंढ्यांचं सोडा हो. ही सगळी झुडपं एकाच मुळाची, त्यामुळं रुजणारं बी धरत नाहीत. वेगळ्या मुळाचं एक जरी सापडलं तरी वंश चालेल. सहा वर्षं तेच शोधतेय. वाटाण्याएवढं टणक फळ कुठं पाहिलंत का?"

पाहिलं होतं. खालच्या झऱ्याजवळ, माझ्या जुन्या झोपडीवर झुकलेलं असंच एक झाड होतं, चांगलं उंच. त्याची फळं टपाटप बाहेर ठेवलेल्या दुधात पडायची. खाली रोपं उगवायची, ती पायात येतात म्हणून मी उपटायचो. शेवटी दूध गाळून गाळून वैतागलो आणि कुऱ्हाड घातली. दोन आठवडे त्याच्या लाकडावर रिकोटा, म्हणजे आमचं मऊ चीज, शिजवलं. वर गावभर सांगत फिरलो, बघा कशी अक्कल चालवली!

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाई आणखी सहा वर्षं उन्हात हिंडल्या असत्या. सांगून टाकलं.

तिथं घेऊन गेलो. खुंटसुद्धा शिल्लक नाही. त्या जागी मेंढ्यांचा सिमेंटचा हौद, तोही मीच बांधलेला. बाई हौदाच्या काठावर बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शिव्या द्या बाई," मी म्हणालो.

त्यांनी वही काढली. "फुलायचं केव्हा? फळ केव्हा गळायचं? सगळं सांगा."

"मला अडाण्याला काय विचारताय?"

"मग कुणाला विचारू? ते झाड फळलेलं पाहिलेला माणूस तुम्ही एकटेच आहात."

पेन वहीवर टेकवून त्या थांबल्या. आणि फळ कुठल्या महिन्यात गळायचं, तेच मला आठवेना.