बाबांनी ऐकलेलं भाषण
शिलाई मशीनला तेल द्यायला घेतलं की त्या वासासोबत बाबा येतात. नागपूरच्या मिलमध्ये मागांवर राबून त्यांचे कान गेले होते. घरी आम्ही त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणून बोलायचो. मी शाळेत असताना एका वर्षी वस्तीतल्या जयंतीला मी भाषण विसरून स्टेजवरून रडत पळाले होते. त्यामुळे पुढच्या वर्षी नाव पुकारलं तेव्हा स्टेजवर चढून मी आधी बाबांना शोधलं. बाबा ड्यूटीवरून थेट, तेलकट कपड्यांतच येऊन समोर सतरंजीवर बसले होते. बाकी कुणाकडे न बघता मी घरच्यासारखी त्यांच्याशीच बोलू लागले. प्रत्येक वाक्याला ते मान डोलवायचे, आणि मला पुढचं वाक्य आठवायचं. टाळ्या पडल्या. घरी जाताना त्यांनी हळूच विचारलं, “काय बोलली वं माय तू? गॅसबत्ती तुह्या मांगं होती, ओठ दिसलेच नाही मले.” हल्ली नातीच्या शाळेत एखादं पोर स्टेजवर अडखळलं, की मी पहिल्या रांगेतून जोरजोरात मान डोलवते. ऐकू मलाही आता कमीच येतं.