मूठमावशी

मूठमावशीला काही देणं फार अवघड काम होतं. दिलेलं तिच्याकडे राहायचंच नाही. वाटीभर ताक दिलं, तर वाटी संध्याकाळच्या आत घासूनपुसून दारात हजर, आणि वाटीत मूठभर काहीतरी. चार हिरव्या मिरच्या, मुगाच्या शेंगा, चिंचेचा गोळा, नाहीतर बांधावरची बोरं. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा रिवाज आपल्याकडे घरोघरी आहे. पण आपण तो सोयीनं पाळतो. मावशीची तशी गत नव्हती. एका उन्हाळ्यात तिच्या घरात खरोखरच काही नव्हतं, तर तिनं माझ्या वाटीत कडुनिंबाचा पाला भरून आणला. "जवारीत घाला बाई, किडं लागत न्हाईत," म्हणाली.

पूर्णा नदीच्या काठी, ताडकळसच्या बाजाराला ज्या गावची माणसं पायी जात, अशा एका गावात मिशनची लहानशी मंडळी होती. माझे यजमान तिथे पाळक होते. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा राज्य निजामाचं होतं, आणि आमचं चर्च म्हणजे गावाबाहेरचं मातीच्या भिंतींचं एक कौलारू घर होतं. मावशीचं बाप्तिस्म्याचं नाव मार्था. पण ते नाव आमच्या ह्यांच्याशिवाय कोणी घेत नसे. बाकी सगळ्यांची ती मूठमावशी. नवरा नव्हता. एक मुलगी होती, रूथ नावाची, तिला सगळे रुती म्हणत. मायलेकी कापूस वेचायला जायच्या, एक शेळी पाळायच्या आणि आमच्या चर्चची झाडलोट करायच्या.

मी नगरकडची, आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच महिन्यात मी तिला म्हटलं, "मावशी, हे काय दुकान आहे? मी दिलं की तुम्ही द्यायचं?"

"दुकानात मोजून देतेत, बाई," ती म्हणाली. "मी कुटं मोजायलेय?"

त्या दिवसापासून मी तिची मूठ मोजणं सोडलं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्यासाठी एक पेला होता, कोण्या जुन्या मडमेनं दिलेला. तो घासण्याचं काम मावशीचं. चिंच आणि राख लावून ती तो असा घासायची की त्यात तोंड दिसावं. द्राक्षं आमच्या गावात कुठली, म्हणून आदल्या दिवशी मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून रस गाळायचा. तेही तीच करायची. आणि दुसऱ्या दिवशी, सतरंजीवर बायकांच्या रांगेत तो पेला फिरत फिरत तिच्यापर्यंत आला, की ती तोंडावर पदर धरून मान हलवायची. हे क्षणभर तिच्यापुढे थांबायचे आणि पुढे जायचे. तिनं तो पेला कधीच ओठाला लावला नव्हता.

मंडळीत बोलणाऱ्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे, तिच्या मनात काही पाप असेल. कोणी म्हणे, पोखर्णीच्या नरसिंहाला तिनं पूर्वी केलेला नवस राहून गेलाय, ती अजून तिकडचीच आहे. ह्यांनी आपल्या परीनं उपाय केला, म्हणजे उपदेश केले. देवाची प्रीती फुकट आहे, ती मिळवावी लागत नाही, फेडावी लागत नाही, असं हे रविवारमागून रविवार सांगत. मावशी सगळ्यात पुढे बसून मान डोलवायची. तिच्यासारखी ऐकणारी दुसरी नव्हती. बाहेर पडताना म्हणायची, "लय चांगलं सांगितलं, साहेब." आणि दुसऱ्या दिवशी त्या उपदेशाबद्दल मूठभर भुईमुगाच्या शेंगा आणून द्यायची. ह्यांचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं होई. मी मात्र शेंगा भाजून खाल्ल्या.

शेवटी एका शनिवारी ती आमच्या ओट्यावर पेला घासत बसली असताना मीच सरळ विचारलं. घासता घासता ती खाली पाहूनच बोलली.

"पटकी आली व्हती, बाई. मालक गेले, सासू गेली. मला आंगणात काढून ठिवलं व्हतं, मरायला. मिशनची डाक्टरीण आली. तिनं औषद दिलं, आपल्या हातानं पाणी पाजलं. मी वाचले. आता ह्यो जीव कोनाचा? त्यानं भांडं भरून दिलं मला. त्यात काय घालून परत द्यावं, मला उमजलं न्हाई. नुसता बाप्तिस्मा घेतला अन् बसले. वरीस झालं नसंल, गावात देवी आल्या अन् माझा लेक किसन गेला. मी दिलं न्हाई, तर त्यानं आपल्या हातानं काढून घेतलं."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मावशी, देव असं करत नाही," मी म्हटलं. पण ते शिकवलेलं वाक्य होतं आणि तिनं ते तसंच ऐकलं.

"मी कुटं वाईट म्हनायलेय त्याला? त्याचं त्यानं घेतलं. आता फिटलं आमचं. पर ह्यो पेला मी प्याले, की भांडं पुना माझ्याकडं आलं. अन् माझ्यापाशी आता रुतीच हाय."

रुती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. समोरच शेळीला पाला घालत होती. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि पेला पुन्हा घासायला घेतला.

मग मला सगळं कळलं. ती देवाची इतकी सेवा का करते आणि त्याच्या हातून काही का घेत नाही, ते. गावात जागीरदाराचा माणूस यायचा असला की लोक अंगण झाडून, पाणी भरून ठेवत आणि पोरांना घेऊन आत बसत. मावशीचं देवाशी तसं होतं. मी ह्यांना सांगितलं. हे त्या रात्री जेवले नाहीत, आणि फुकट प्रीतीचा उपदेश त्यांनी पुढे बरेच दिवस केला नाही.

नंतर मला मुलगा झाला. मावशीनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. तेल लावताना ती त्याला गावातल्या साऱ्या बातम्या सांगायची आणि तो हुंकार द्यायचा. दात येऊ लागले होते. भर पावसाळ्यात त्याला ताप भरला. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं, तर पूर्णेला पूर आलेला. हे गाडी जुंपून नदीपर्यंत जाऊन आले. बैल पाण्यात पाय घालेनात. बाळ माझ्या मांडीवर गेलं.

चर्चच्या मागे त्याला पुरलं. बायका येत होत्या, देवाची इच्छा म्हणत होत्या, आणि मला त्या सगळ्यांचा संताप येत होता. माझी प्रार्थना बंद झाली. हे माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मावशी रोज यायची, चूल पेटवायची, माझ्याजवळ बसायची.

एके दुपारी मी तिलाच विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारण्यात अर्थ नव्हता. बाकीचे गोड बोलले असते. "मावशी, तुम्ही सांगा. मी देवाचं असं काय घेतलं होतं, म्हणून त्यानं माझं बाळ काढून घेतलं?"

तिच्याकडे ह्याचं उत्तर तयार होतं. इतकी वर्षं ती त्या उत्तरावरच जगली होती. तिनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला ते बोलवेना. तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. एरवी मला अहो-जाहो करणारी ती बाई म्हणाली, "न्हाई ग लेकी. असं म्हनू नको. तो असला न्हाई. तो काय वसुलीला आलेला गिरदावर हाय, लेकरं उचलून न्यायला? त्याचंबी पोटचं लेकरू क्रुसावर गेलंय. त्याला ठावं हाय तुझं काय झालंय."

माझ्या केसांतून फिरणारा तिचा हात थांबला. आपण काय बोललो ते तिलाच तेव्हा ऐकू आलं असावं. बाहेर पावसाची झड लागली होती. ती स्वतःशीच म्हणाली, "मंग माझा किसन..." आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. मग ती रडली. किसन गेला त्याला किती वर्षं झाली होती, पण तो नुसतं आजारी पडून गेलेलं तिचं लेकरू होता, कशाची भरपाई नव्हता, असं तिला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं असेल. आम्ही दोघी आपापल्या मुलांसाठी रडलो. त्या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी सोबत आहे असं वाटलं, आणि ते कोणीतरी म्हणजे फक्त मावशी नव्हती, एवढंच मला सांगता येतं.

पुढच्या रविवारी तिनं पेला घेतला, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. हे तिच्यापुढे आले तेव्हा तिनं पदरातून हात बाहेर काढला. तो अर्ध्यावर आला. मग तिची नजर रांगेतल्या रुतीकडे गेली आणि हात परत पदरात गेला. इतक्या वर्षांची भीती एका दुपारीत कशी जाईल? हे तिच्यापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले, आणि पुढे गेले. पुढेही हेच होत राहिलं. दर महिन्याला तो हात बाहेर यायचा आणि आत जायचा.

निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने वाईट गेले. रझाकारांच्या भीतीनं गावं ओस पडू लागली, लोक हद्दीपलीकडे जाऊ लागले. मला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. आनंद दाखवला तर कोणीतरी तो हिरावून नेईल, असं वाटे. मावशीनं ओळखलंच. "हसा की बाई," ती म्हणाली. "हसल्याची वसुली न्हाई व्हत." मला म्हणाली खरी, पण तिचे डोळे तिच्याच मनाला विचारत होते, खरं ना हे?

ह्यांनी मला माहेरी पाठवायचं ठरवलं. स्वतः मात्र लोकांना सोडून निघायला तयार नव्हते. निघायच्या सकाळी मावशी खोकत खोकत आली. घरात उरलेलं तूप मी एका पितळी डब्यात घालून तिच्या हातात दिलं.

"डबा कवा देऊ परत?" तिनं विचारलं.

"मी बाळाला घेऊन आले, की."

"मंग तवर मला मरताबी येत न्हाई म्हना की," ती हसली. "डबा दिल्याबिगर मी कुटं जात न्हाई, बाई." गाडी हलली तरी ती डबा पोटाशी धरून वाटेवर उभी होती.

राज्य बदललं, वाटा उघडल्या, आणि मी मुलीला घेऊन परत आले. हे स्टेशनवर न्यायला आले होते, वाळून गेले होते. गाडीत त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "मावशी गेली. पावसाळ्यातच." खोकल्याचा ताप झाला, दवाखान्याची वाट बंद होती. मी तोंड फिरवून शेतांकडे पाहत राहिले. मला तिचा राग आला होता. तिनं कबूल केलं होतं, आणि माझी लेक न बघता ती गेली होती.

संध्याकाळी रुती आली. उंच झाली होती. तिच्या हातात माझा डबा होता, चिंच आणि राख लावून पेल्यासारखा लख्ख घासलेला. सवयीनं मी त्याला दोन्ही हात लावले, आणि तो इतका हलका लागला की हात वर गेले. झाकण काढून पाहिलं. आत काही नव्हतं.

"आईनं सांगितलंय, रिकामाच द्यायचा," रुती म्हणाली. "मी मिरच्या घालायले व्हते, तर लय रागं भरली माझ्यावर."

मी ओट्यावर बसले. रुती माझ्याजवळ बसून सांगू लागली, "शेवटाला आईनंच साहेबांना बोलवून घेतलं. पेला मागितला. साहेब पाजायले व्हते, तर न्हाई म्हनली, आपल्या हातानं धरला. पिऊन झाल्यावर आत बघितलं अन् हसली. 'घ्या साहेब, रिकामाच हाय,' म्हनली. मंग माझा हात धरला. म्हनली, 'तू ऱ्हातीस. तुला कोन न्हेत न्हाई.'"

आत मुलगी रडू लागली. रुती उठली, तिला उचलून घेतलं आणि मावशीच्याच सुरात तिला गावातल्या बातम्या सांगू लागली. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. अंधार पडला तरी दिवा लावायचं सुचलं नाही.

ह्या गोष्टीला आता फार वर्षं झाली. शेजारणीचं भांडं मी आजही रिकामं परत देत नाही, रिवाज चांगलाच आहे. पहिल्या बाळाबद्दलचं देवाशी माझं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. पेल्यापाशी जाताना मी तेही सोबत नेते, कारण देण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नसतं. दर वेळी मला मावशीचा आवाज ऐकू येतो, "तेबी नको आणू, लेकी." तो डबा माझ्या फडताळात आहे. त्यात मी आजवर काही भरलेलं नाही.