खारीच्या डोळ्यातलं पाणी

कुत्रीच्या डोळ्याला हात लावण्याआधी काका दोन्ही तळवे सदऱ्याला पुसायचे. एकदा नव्हे, दोनदा. कारण विचारलं तर म्हणाले, "मीठ ऱ्हाते हाताला." मिठागर सोडून त्यांना तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

रेवसच्या बाजूच्या एका लहानशा पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक होती. आमच्याकडे यायच्या त्या म्हशी आणि बकऱ्या. कुत्र्याच्या डोळ्यासाठी कोणी दवाखान्याची पायरी चढेल असं मला वाटलं नव्हतं. हे गृहस्थ कुत्रीला खांद्यावर टाकून, दोन मैल चालत आले. "बसा काका," म्हटलं की "बसाला न्हाय आलो," असं उत्तर, आणि मग तासभर उभ्यानेच गप्पा. सगळ्यांना अरे-तुरे. मला "डॉक्टरीन". अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, स्वतःचं दुखणं कधी न सांगणारी.

कुत्रीचं नाव खारी. मी हसून विचारलं, "चहाबरोबरची?" ते जरा दुखावले. "मिठागराच्या खारान गावली, म्हून खारी. तवा मुठीएवडी व्हती."

तिचे डोळे चिकट पिवळ्या घाणीने भरलेले होते. डोळे आलेत, असं ठरवून मी थेंब दिले. आठवड्याने ते परत आले. "फरक न्हाय." मी बाटली बदलली. पुन्हा आले. "फरक न्हाय." आवाजात तक्रार नव्हती, भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं सांगायचे. मी तिसरी बाटली दिली.

चौथ्या खेपेला मात्र दारातच थांबून म्हणाले, "एक सांगू? सकालची चूल पेटवली का मी न् ही जवल जवल बसतो. धुरान माजे डोले गलतात. हिचे न्हाय. ही रडतच न्हाय, डॉक्टरीन."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. कॉलेजात शिकलेलं सगळं एकदम आठवलं. अलिबागहून कागदी पट्ट्या मागवल्या. अशी पट्टी खालच्या पापणीत मिनिटभर अडकवायची. डोळ्यात पाणी असेल तर ओल पट्टीवर सरकत जाते. खारीच्या दोन्ही पट्ट्या पाकिटातून काढल्या तशाच कोरड्या बाहेर आल्या.

"काका, माझी चूक झाली," मी म्हटलं. "हे डोळे येणं नव्हे. तिचं शरीरच तिच्या अश्रुग्रंथींवर उलटलंय. पाणी तयारच होत नाही, म्हणून डोळा सुकतो आणि घाण साचते."

त्यांनी खारीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चुकी मानलीस ना? मंग फुडं बोल."

पुढे मलम आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरू झाले, दिवसातून कितीतरी वेळा. घड्याळ ते वापरत नसत. धक्क्यावरून लाँच सुटली की थेंब, लाँच लागली की थेंब. घाण कमी झाली, पण बुबुळावर तपकिरी सायीसारखा थर चढू लागला. खारी दाराच्या चौकटीवर आपटू लागली. एकदा अंगणातल्या बादलीत तोंडघशी पडली. ते सांगताना त्यांनी पहिल्यांदा मान खाली घातली.

त्याच सुमारास माझ्या वर्गमैत्रिणीचा मुंबईहून फोन आला. ती जनावरांच्या एका मोठ्या रुग्णालयात होती. तिथे अशाच कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांवर मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, प्रयोग चालू होता. निरोगी कुत्र्याच्या चरबीतून या पेशी काढून वाढवायच्या आणि आजारी कुत्र्याच्या अश्रुग्रंथीभोवती सुईने सोडायच्या.

मी काकांना समजावलं, "या पेशी नवी ग्रंथी बांधत नाहीत. आतलं भांडण शांत करतात. मग उरलेली ग्रंथी सावरते, पाणी सोडू लागते."

"म्हंजे पंच," ते म्हणाले.

"तसंच. पण गुण येईलच असं नाही, हं."

"मीठ तरी दर वर्साला कुटं येत व्हता? अवकाली पडला का सगला वाहून जाय. आमी परत बांध घालाचो."

आम्ही सकाळच्या लाँचने निघालो. खारी मासळीच्या पाटीत, गोणपाटावर. लाँचवरचा माणूस कुत्रं घ्यायला तयार होईना. काकांनी पाटी छातीशी धरली. "कुत्रा न्हाय, पेशंट हाय." तो माणूस हसला आणि त्याने बाकावर जागा करून दिली. भाऊच्या धक्क्यापर्यंत काका एका हाताने तिच्या डोळ्यांवर सावली धरून होते.

रुग्णालयात मैत्रिणीने सगळं पुन्हा समजावून सांगितलं. नसबंदीच्या वेळी एका तरुण कुत्रीची थोडी चरबी काढली होती, त्यातल्याच या पेशी. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला कोनी इचारला का?"

मैत्रीण हसायला गेली, पण हसली नाही. "नाही," ती म्हणाली. "पण ती बरी आहे. तिला परत तिच्या गल्लीत सोडलंय."

"कुटली गल्ली?"

ते कोणाला ठाऊक नव्हतं. खारीला भूल दिली, सुया झाल्या, ती शुद्धीवर आली. परतताना काकांनी बिस्किटांचे चार पुडे घेतले आणि धक्क्यापर्यंत वाटेत दिसलेल्या एकूण एक कुत्रीपुढे बिस्किटं टाकली. "काय सांगावा, हीच असंल," असं प्रत्येक वेळी म्हणत. आमची लाँच चुकली. पुढच्या लाँचची वाट बघत आम्ही धक्क्यावर उरलेली बिस्किटं खाल्ली.

महिन्याने मी खारीच्या डोळ्यात पुन्हा पट्टी लावली. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पट्टीवर ओल चढली. निरोगी डोळ्याइतकी नाही, पण अर्ध्याच्या वर. मी हाक मारली तेव्हा त्यांनी ती ओली पट्टी चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि खाली बसले. खुर्चीवर. माझ्या दवाखान्यात पहिल्यांदाच.

थेंब पूर्ण सुटले नाहीत, पण सकाळ-संध्याकाळवर आले. उजवा डोळा चांगलाच निवळला. डाव्याच्या कोपऱ्यात थोडा डाग राहिला.

त्या दिवशी ते बसले होते म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे मला नीट पाहता आलं. नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा बुबुळावर सरकत आला होता. उन्हात आणि मिठाच्या झळाळीत जन्म काढलेल्यांना होतो तसा. "ऑपरेशन का नाही केलं?" मी विचारलं.

"भ्या वाटते," ते सरळ म्हणाले.

मी सांगितलं, "तुमच्याही डोळ्यात मूळपेशी आहेत, बुबुळाच्या कडेला. पडदा काढला की तिथला निरोगी तुकडा घेऊन त्या जखमेवर लावतात."

"माज्याच?"

"तुमच्याच."

"मंग कोनाला इचाराला नको," ते म्हणाले आणि विषय संपवला. मला वाटलं, टाळलं.

वर्षभराने माझी बदली दिघीकडे झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. घरात सून एकटीच होती. "मामंजी पनवेलला गेलेत. आज डोल्याचं ऑपरेशन हाय. कोनाला सांगू नको बोललेत. पन डॉक्टरीन आली तं सांग, असं बोललेत."

माझी-त्यांची भेट तेवढी राहून गेली. मी स्कूटर सुरू केली. ओटीवर खारी बसली होती. तिच्यासमोर एक चतुर उडत होता, वर, खाली, पुन्हा वर, आणि तिची मान त्याच्या मागोमाग फिरत होती.