कोऱ्या टेपवरचा बेंजो

सर्वप्रथम क्षमा मागतो. या सदरात मोठी मोठी माणसं लिहितात. मी अंबरनाथच्या एका चाळीतला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मुलगा. परीक्षेतल्या निबंधापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. हेही लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं... पण सांगितल्याशिवाय आता स्वस्थ बसवत नाही.

आणखी एक. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, नवस यातलं काहीच चालत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा नदीत सोडला. वडिलांसमोर (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) 'भास झाला' म्हणायचीसुद्धा चोरी. मी स्वतः सायन्सचा, सध्या एम.एस्सी.ला आहे. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हसलो असतो. तुम्ही हसलात तरी चालेल.

माझा मोठा भाऊ मिलिंददादा जयंतीच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो बेंजो त्याच्या मांडीवर आला की चाळीतली पोरं गोळा व्हायची. पार्टीला नव्या चाली हव्या असायच्या म्हणून तो उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी अंकलकडून कॅसेट भरून आणायचा. कोरी कॅसेट द्यायची, गाणी सांगायची, चार दिवसांनी घ्यायला जायचं. ८५-८६ ची गोष्ट असेल. मी सहावी-सातवीत होतो.

अशाच एका कव्वाल्यांच्या कॅसेटमध्ये, दुसऱ्या बाजूच्या शेवटी, एक इंग्रजी गाणं निघालं. आधी नुसती गिटार, मग धाडधाड ड्रम, मग कुणीतरी गोरा माणूस जीव तोडून ओरडतोय... आणि गिटार पुन्हा वर चढत असतानाच टेप संपायची. खटकन बटण वर!

आम्ही दोघं दुकानात गेलो.

"अंकल, वो आखरीवाला गाना पूरा भर के दो ना."

"कौनसा? अरे साईं, वो तो जगह बची थी तो डाल दिया. टेप कोरी छोडने से धंदे में बरकत नहीं होती."

"पण नाव काय त्या गाण्याचं?"

"मेरे को क्या मालूम! भतीजे का रेकॉर्ड था, वो ले के पूना चला गया."

म्हणजे गाण्याला नाव नाही आणि शेवटही नाही. पण दादाला त्याचं वेडच लागलं. त्याने ते बेंजोवर बसवलं, आणि जिथं टेप संपायची तिथून पुढं स्वतःचा शेवट लावला. सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली यायचे आणि शेवटच्या पायरीच्या आधीच थांबायचे. ऐकणाऱ्याचा पाय अधांतरीच.

"दादा, संपव ना नीट," मी म्हणायचो.

"संपलं की."

"असं कुठं संपतं?"

"मग तू वाजव, शहाण्या." आणि माझ्या टाळक्यात टपली.

अण्णांना बेंजो जयंतीपुरता चालायचा. दादाने कंपनीतली अॅप्रेंटिसशिप सोडली तेव्हा मात्र भडका उडाला. "लोकांच्या हळदीत पेटी बडवणार हा! जा, ते डबडं घे आणि तोंड दाखवू नको!" दादा खरंच गेला. बेंजो घेऊन. कॅसेट तेवढी मागे राहिली.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, येईल. पोलिसांत दिलं. कुणी नागपूरला दिसला म्हणालं, कुणी सुरतेला. अण्णा जाऊन आले, रिकामे आले. आई मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, फार न बोलणारी. ती दुपारी कामं आवरली की ती कॅसेट लावायची. तिला इंग्रजी काय कळणार? खटका वाजेपर्यंत ऐकायची आणि उठायची.

पुढे मी उल्हासनगरला कॉलेजात लागलो. तिथं हरेश म्हणून सिंधी मित्र भेटला. एका दुपारी त्याच्या घरी अभ्यासाला बसलो होतो, त्याने टेप लावला... आणि तेच गाणं! मी पेन खाली ठेवलं. आमचा खटका जिथं पडायचा ती जागा गेली, गिटार वर चढली, आणि मग पायऱ्या उतरू लागली. एकेक सूर दादाचा. शेवटच्या पायरीआधी थांबली. संपलं.

"क्या हुआ बे? भूत देखा क्या?" हरेश म्हणाला.

मी वह्या गोळा केल्या आणि निघालो. घरी जाताना स्वतःला समजावत होतो, दादाने कुठंतरी पूर्ण ऐकलं असेल. असेलही. पण मग गाण्याचं नाव सापडावं म्हणून तो वर्षभर दुकानं का पालथी घालत होता? आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "त्याला ठावं असंल."

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, स्थळं यायला लागली. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, मोठा मुलगा काय करतो? एकदा आत्या सरळच बोलली, "भाऊ, जिता असता तर एक चिठ्ठी नसती आली? जलदान उरकून घे. पोरीचं अडतंय." आमच्यात माणूस गेल्यावर जलदानविधी करतात. वंदना होते आणि तांब्यातलं पाणी सोडून पुण्य त्याच्या नावे करतात. अण्णा शेवटी हो म्हणाले. मीही विरोध केला नाही. फक्त आई म्हणाली, "तुम्ही करा. मी नाय बसणार."

वैशाखातली दुपार होती. चाळीपुढे पांढरं कापड लावून छोटा मंडप घातला होता. दादाचा फोटो, फोटोला हार, पांढऱ्या कपड्यातली पाहुणेमंडळी. वंदना झाली. अण्णा तांब्या घेऊन बसले. मी आमच्या दारात उभा होतो आणि आत, माझ्या मागे, आईने कॅसेट लावली.

"अगं, आता कशाला?" आत्या आत येत म्हणाली.

"वाजू दे. त्याचंच हाय."

गाणं वाजलं. नेहमीच्या जागी आलं. खटका पडला, बटण वर आलं. मी डोळ्यांनी पाहिलं, चक्रं थांबली होती.

आणि बेंजो सुरू झाला.

गिटार नव्हे, बेंजो. ती बटणांची टकटकसुद्धा ऐकू येत होती, जी फक्त जवळ बसलेल्याला ऐकू येते. पायऱ्या उतरत आला, शेवटच्या पायरीआधी थांबला. आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी मंडपाकडे पाहिलं, अण्णांचा तांब्याचा हात तसाच हवेत होता. पाणी पडलंच नव्हतं.

आई बाहेर आली. सगळ्यांमधून चालत फोटोपाशी गेली आणि हार काढला. "उठा. जिता हाय माझा."

"अगं, लोक काय म्हणतील..." अण्णा म्हणाले.

"म्हणू दे."

विधी झाला नाही. पाहुणे न जेवता गेले. अण्णा आजही म्हणतात, मी काही ऐकलं नाही. हात का थांबला, ते सांगत नाहीत.

मी ती कॅसेट कितीदा तपासली असेल. टेप खरोखर तिथंच संपते, पुढे नुसती पारदर्शक पट्टी. उलट बाजूला त्या जागी कव्वाली आहे. शेजारचा रेडिओ म्हणावा तर वीज गेलेली होती, आमचा टेप सेलवर चालला होता. आत्याने ऐकलं नसतं तर मी स्वतःलाच वेडा ठरवून मोकळा झालो असतो. त्या दुपारपासून माझं एक विचित्र झालंय... कुठलंही गाणं संपलं की मी पुढचं ऐकायला थांबतो. लोक टाळ्या वाजवत असतात आणि माझे कान उभे. अनुभव इथंच संपवणार होतो, पण गेल्या रविवारी कुळगावचे तुकाराम म्हणून एक गृहस्थ घर विचारत आले. सुरतेला मिलमध्ये असतात, सुट्टीवर आले होते.

"मिलिंद तुमचाच ना?"

आई तांदूळ निवडत होती. "हाय?" एवढंच विचारलं.

"आहे म्हणजे? धडधाकट आहे. माझ्याच खात्यात आहे. लग्न झालंय, पोरगी झालीय."

अण्णा भिंतीला टेकले. "मग आला का नाही एवढ्या वर्षांत?"

"आला होता की, अण्णा. तुम्ही त्याचं जलदान घातलं, त्याच दुपारी."

तुकाराम खाली बघत सांगत राहिले. "रजा काढून आला होता. कोपऱ्यावरूनच त्याला मंडप दिसला. पांढरे कपडे, स्वतःचा फोटो, फोटोला हार. म्हणाला, बापानं जिवंतपणी पाणी सोडलं माझ्यावर. तुम्ही तांब्या उचललात, तसा मागे फिरला. कुणाला बोललाच नाही. आता पोरगी आजी-आजी करायला लागली तेव्हा कुठं तोंड उघडलं."

"त्याच्याकडे बेंजो होता का त्या दिवशी?" मी विचारलं.

"बेंजो? तो सुरतेला आल्याआल्याच विकला त्यानं. रिकाम्या हातानं आला होता बिचारा." मग आईकडे वळून म्हणाले, "तुमच्यासाठी बराच वेळ थांबला होता, मावशी. सगळी माणसं दिसली त्याला मंडपात, तुम्हीच दिसला नाहीत. म्हणाला, आई तेवढी दिसली असती, तर मी आत गेलो असतो."