अर्धी मोटारसायकल घेऊन मुलुंड ते बोरीवली

आजकाल ज्याच्या-त्याच्या ब्लॉगवर मोटारसायकल लडाखला जाते. फोटोत एक तळं, एक दाढीवाला आणि खाली स्वतःचा शोध लागल्याची बातमी. आमची मोटारसायकल ऐंशीच्या दशकात मुलुंडहून बोरीवलीला गेली, तीही टेम्पोत बसून, इंजिनाशिवाय. तळं आम्हालाही लागलं, पवईचं. स्वतःला शोधायची कुणालाच गरज नव्हती, आम्ही इंजिनाच्या मागे होतो. असाच प्रवास करायची कुणाला इच्छा असेल तर त्याच्यासाठी सविस्तर लिहिते. तसं कुणी असेल असं वाटत नाही, पण लडाखवाले तरी कुठे विचारून लिहितात.

आधी मोटारसायकल अर्धी कशी झाली ते सांगते. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, देवगडकडून मुंबईत आले आणि घाटकोपरला चाळीतल्या एका खोलीत राहिले. दोघं विक्रोळीच्या एकाच कारखान्यात कामाला. दोघांनी मिळून एक जुनी मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव सांगता येत नाही, कारण टाकीवरचं नाव आधीच्या मालकाच्या काळातच गंजानं खाल्लं होतं. माझं लहानपण त्या टाकीवर गेलं. काका चालवायचे, मी पुढे, बाबा मागे. पुढे काकांनी बोरीवलीला घर घेतलं, बाबांनी मुलुंडला, आणि खोलीतल्या सामानाची वाटणी झाली. भांडी, कपाट, पंखा सगळं नीट पार पडलं. मोटारसायकलवर गाडी अडली. दोघांपैकी कुणालाही पैसे नको होते. प्रत्येकाला आपली अर्धी गाडी हवी होती.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर लोक हसले असते. आमच्याकडे गावचे दोन पंच बोलावण्यात आले. त्यांनी चहा पिऊन निकाल दिला: इंजिन थोरल्याला, बाकीचा सांगाडा धाकट्याला. मग कार्बोरेटर इंजिनात मोडतो की बाहेर, यावर दुपार गेली. तो बाहेरून लटकतो म्हणून बाबांना मिळाला. नारळ फोडला गेला. मोटारसायकल कायमची बंद पडली आणि दोघा भावांचं बोलणंही, कारखान्यात रोज समोर येऊनसुद्धा. मधल्या काळात मी शाळा संपवून अंधेरीला एमआयडीसीत नोकरीला लागले, पण काका आमच्या घरी एकदाही आले नाहीत. मला त्यांची फार आठवण यायची. हे मी घरात बोलत नसे, कारण आमच्या घरात बोरीवली हे स्टेशन नव्हतंच.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी गॅलरीतल्या सांगाड्यावरचं पोतं काढलं. "गाडी चालू करायची," म्हणाले.

"इंजिन?" आईनं विचारलं.

"बाजारात मिळतात."

इथून पुढे कित्येक रविवार आमचं पर्यटन चाललं. पहिलं स्थळ कुर्ला. तिथल्या जुन्या पार्टांच्या बाजारात जायचं तर चपला जुन्या घालाव्यात आणि पोट भरून जावं, कारण खायला फक्त चहा मिळतो आणि त्यालाही ग्रीसचा वास असतो. तिथे विकायला आलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते. "साहब, सिंगल हँड, डॉक्टर चलाता था," प्रत्येक दुकानदार सांगायचा. मुंबईतल्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या मोडीत काढल्या असतील तर ते पेशंट कधी तपासत होते कोण जाणे. तिथून सायलेन्सर, चेन, हेडलाइट आणि एक स्पार्क प्लग आला. प्लग बाबांनी खिशात ठेवला. घासून, पुसून, उजेडात धरून बघून पुन्हा खिशातच.

दुसरं स्थळ घाटकोपर. तिथे एक रेक्झिनवाला सीट शिवून द्यायचा आणि आपल्या कामाला 'इम्पोर्टेड फिनिश' म्हणायचा. सीट एका बाजूला उंच झाली. जुनी चाळ त्याच रस्त्यावर होती. बाबा ती यायच्या आधीच रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि ती संपल्यावर परत अलीकडे आले. सावलीसाठी म्हणावं, तर ऊन पलीकडेच जास्त होतं.

अंधेरीचं खातं माझ्याकडे होतं. आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत प्लेटिंगवाला होता. तिथे हँडल आणि मडगार्डच्या पट्ट्या चकाकून निघाल्या. ते हँडल कागदात गुंडाळून मी बसने मुलुंडपर्यंत आणलं. कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं.

राहिलं इंजिन. कुर्ल्यात इंजिनांना तोटा नव्हता. पहिलं बाबांना खोकणारं वाटलं. दुसरं पाण्यात बुडालेलं असावं असा त्यांचा संशय. तिसरं चांगलं होतं, आमच्यासमोर चालू करून दाखवलं, आवाज स्वच्छ. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "याचा नंबर बरा नाही." दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी ग्रीसच्या चहाकडे बघितलं. परत येताना मला कळून चुकलं की जगातलं कुठलंही इंजिन या माणसाला चालणार नाही. एक सोडून.

त्याच सुमारास बोरीवलीहून बातमी आली. पंचांपैकी एक गृहस्थ सहज म्हणून चहाला आले आणि जाता जाता म्हणाले, "तुझ्या दादाकडे रंगकाम निघालंय. इंजिन भंगारात देणार म्हणतो." त्या रात्री बाबा जेवले नाहीत, आणि आमच्याकडे पापलेट होतं.

सकाळी मी म्हटलं, "बाबा, मी टेम्पो ठरवते. जाऊन घेऊन येऊ."

"मी त्याच्या दारात माफी मागायला जाणार नाही."

"माफी कोण म्हणतंय? पार्ट आणायला जायचंय."

यावर त्यांनी विचार केला. पार्ट आणायला जाणं त्यांना चालण्यासारखं होतं. मग त्यांनी सांगाडाही सोबत घ्यायचं ठरवलं, कारण इंजिन तिथेच लावून बघितल्याशिवाय त्यांचा दादावर विश्वास नव्हता, असं ते म्हणाले. आईनं दोन डबे भरले. एक आमच्यासाठी. दुसरा कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, पण त्यात कुळथाची पिठी होती, आणि ती आमच्या ओळखीत एकच माणूस दोनदा मागून घेतो.

प्रवासाचा दिवस, रविवार. तीनचाकी टेम्पोत मागे मोटारसायकल दोरीनं बांधलेली, तिच्याजवळ बाबा, पुढे ड्रायव्हरशेजारी मी. निघताना ड्रायव्हरनं सांगाड्याच्या पोटातल्या मोकळ्या जागेत वाकून बघितलं.

"इंजिन किधर है?"

"बोरीवली में."

"और गाडी मुलुंड में? मियाँ-बीवी का केस है क्या?"

"भाई-भाई का."

"फिर तो टाइम लगेगा," तो म्हणाला आणि टेम्पोला किक मारली.

रस्त्याची माहिती अशी. आग्रा रोडनं भांडुप, कांजूर इथपर्यंत खड्डे ओळखीचे आहेत. पवईला वळलात की रस्ता सुंदर होतो, म्हणजे खड्ड्यांच्या दोन्ही बाजूंना झाडी लागते. तळ्यापाशी आम्ही थांबलो, डबा खाल्ला. बाबा खाली उतरले नाहीत. हँडल धरून मागेच बसून राहिले, जणू गाडी तेच चालवत होते. साकीनाक्याला ट्रकांच्या गर्दीत अडकलो. तिथे शेंगदाणे चांगले मिळतात, दुसरं काही बघण्यासारखं नाही. अंधेरीहून हायवेला लागल्यावर वारा सुटला आणि मी मागे वळून बघितलं. बाबांचे केस उडत होते, डोळे बारीक केलेले. गोरेगाव, मालाड, कांदिवली. बोरीवली जवळ आली तसे ते दर सिग्नलला विचारू लागले, "तो घरी असेल का?" दादा म्हणायला अजून जीभ रेटत नव्हती.

काकांचं घर नॅशनल पार्कच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला वाटलं होतं की कुणीतरी ओरडेल.

"इलंस?" काका म्हणाले.

"होय. इंजिन नेऊक इलंय."

"इंजिन हंयसून हलाचा नाय. सांगाडो हंयसर हाड."

"हाडलंय. खाली टेम्पोत हा."

सांगाडा सोबत आणलाय हे ऐकून काकांनी दार पूर्ण उघडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, केवढी मोठी झालंस गो." मी त्यांच्या पाया पडायला वाकले आणि रडू आलं, ते लपवायला मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणून मला भिंती नीट दिसल्या. रंग जुनाच होता, पापुद्रे निघालेला. घरात रंगाचा डबा सोडा, ब्रशसुद्धा नव्हता. भंगाराची बातमी पंचांच्या तोंडून मुलुंडपर्यंत काकांनीच सोडली होती हे तिथल्या तिथे कळलं.

इंजिन पलंगाखाली होतं. काकांनी आणि बाबांनी मिळून ते बाहेर ओढलं. पोतं काढलं तेव्हा त्याच्यावर वाळलेली झेंडूची माळ होती आणि आपट्याची पानं. दसऱ्याला अवजारांची पूजा करतात, ती काकांनी पलंगाखालच्या अर्ध्या मोटारसायकलचीही केली होती. एकदा नाही, दरवर्षी. तळाशी जुन्या माळांचा भुगा साचला होता.

बाबांनी ती माळ बघितली आणि खाली बसले. मला माहीत होतं का बसले ते. आमच्या गॅलरीतही दर दसऱ्याला सांगाड्याच्या हँडलवर माळ चढत होती. आई फुलं आणायची आणि बाबा बाजारभाव चढलेत म्हणत ती बांधायचे. दोन्ही अर्ध्यांची पूजा एकाच दिवशी होत होती, मुलुंडला आणि बोरीवलीला.

"दादा," बाबा म्हणाले. पुढचं काकांनी बोलू दिलं नाही. "पाना घे," म्हणाले.

खाली कंपाउंडमध्ये दुपारभर काम चाललं. इमारतीतल्या गुजराती शेजाऱ्यांनी खुर्च्या टाकल्या आणि सल्ले दिले. काकांनी सीट बघून विचारलं, ही कोणत्या गाढवानं शिवली. कार्बोरेटर बसवताना दोघांची पुन्हा जुंपली, तो इंजिनातच मोडतो असं काका म्हणाले. काकांची कुळथाची पिठी दोनदा मागून खाऊन झाल्यावर बाबांनी खिशातला प्लग बसवला आणि काकांनी किक मारली. आधी नुसता धूर. मग एक मोठा बार, ज्यानं कबुतरं उडाली. मग तो आवाज आला, लहानपणी माझ्या पोटातून जाणारा. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता त्या इंजिनाकडे बघत उभे होते.

मला वाटलं, आता गाडीवरून घरी. पण आमच्या माणसांना सरळ गोष्ट जमत नाही.

"पाळी लावया," काका म्हणाले. "गणपतीसारखी. मयनोभर माझ्याकडे, मयनोभर तुझ्याकडे. पयली पाळी थोरल्याची."

गावच्या गणपतीला आमच्याकडे हाच नियम, त्यामुळे बाबांना वाद घालता येईना. इतके रविवार कुर्ल्याच्या धुळीत घालवून, मोटारसायकल बोरीवलीत ठेवून आम्ही रिक्षा बदलत मुलुंडला परतलो. माझ्या मांडीवर दोन रिकामे डबे.

घरी आल्यावर बाबा गॅलरीत गेले. फरशीवर ऑइलचा डाग होता आणि वर आईनं एवढ्यात वाळत टाकलेल्या चादरी. इतक्या खटाटोपातून उरलं काय, तर डाग, असं मी म्हटलं. तेव्हा बाबांनी खिशात हात घातला आणि कुर्ल्याचा स्पार्क प्लग काढून आईच्या हातावर ठेवला. निघताना गाडी पुसण्याच्या निमित्तानं त्यांनी तो काढून घेतला होता.

"हे काय? आता त्यांची गाडी सुरू कशी होणार?" आईनं विचारलं.

"प्लग वाटणीत नव्हता," बाबा म्हणाले. "तो मी आणलाय."

असला प्लग बोरीवली स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. शेंगदाणे घ्यावेत इतक्या सहज मिळतो.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. आईनं उघडलं. बाहेर काका, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, बोरीवलीहून एवढा वळसा घालून आलेले.

"प्लग खंय आसा?" त्यांनी विचारलं, आणि चपला काढून आत आले.