गालिचे झोडणारी मावशी

गालिच्याला हात लावण्याआधी मावशी त्याला शिवी द्यायची. साधीसुधी नाही; घरात लहान मूल असेल तर आईनं त्याला उचलून आत न्यावं अशी. मग पदर कमरेला खोचायची, दोन्ही तळव्यांवर थुंकायची आणि दांडका उचलायची. पहिला फटका बसला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागत. "मारल्याशिवाय निघत नाई हे," असं म्हणत ती धुळीच्या लोटात दिसेनाशी व्हायची.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिचं नाव कुणी विचारलेलं नसतं. आमच्या नाचणगावात आणि तिकडे पुलगावच्या बऱ्याच घरांत गालिचे झोडायला, धुवायला, सडलेले उखडून काढायला हीच यायची. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक. डाव्या भुवईपासून कानापर्यंत एक पांढरट वण. सगळे तिला मावशी म्हणत. मी शाळेत शिकवते, म्हणून मी तिच्यासाठी 'बाई'.

आमच्या दिवाणखान्यात सासऱ्यांनी हौसेनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घेतला होता. खालून उधई लागली, तेव्हा मावशीला बोलावलं.

"जरा जपून हं, मावशी," मी म्हटलं.

"जपून? काऊन? हा का नवरदेव आहे?"

वाकड्या सुरीनं तिनं त्याचे पट्टे पाडले आणि गुडघा रोवून एकेक ओढून काढला. कातडी सोलावी तसा आवाज यायचा. तिसऱ्या पट्ट्याखालून नांगी उभारलेला काळा विंचू निघाला. मी किंचाळायच्या आत तिनं खुरप्यानं त्याचे दोन तुकडे केले. "झाकून ठेवलं का हेच पैदा होते," ती म्हणाली, आणि दोन्ही तुकडे वळवळत असतानाच तिनं चहा मागितला.

चहा पिताना मी वणाबद्दल विचारलं.

"नवरा. वरवंटा मारला होता."

"मग?"

"मंग एक दिस म्याच उचलला वरवंटा." तिनं बशीवर फुंकर घातली. "मेला नाई. लंगडते आता."

मला हसू आलं. ती हसत नाहीये हे जरा उशिरा लक्षात आलं.

आमच्या शेजारी एक दुमजली घर आहे. घरातला मुलगा व्यापारी, बोलायला गोड. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा. त्याची बायको केळझरकडची, बावीस-तेवीस वर्षांची. त्यांच्या बाळाचा खोकला जाईना, म्हणून वरच्या खोलीतला जुना गालिचा काढून टाक, असं मीच तिला सुचवलं. सासू लग्नाला गेली होती, नवरा दुकानात. सुट्टीचा दिवस होता, मावशीला घेऊन मीच गेले.

पलंग सरकवल्यावर गालिच्यावर ताटाएवढा तपकिरी डाग दिसला.

"चहा सांडला होता," सून घाईनं म्हणाली.

मावशी उकिडवी बसली. तिनं डागावर गार पाणी शिंपडलं आणि पदराच्या टोकानं दाबलं. टोक उचलून सुनेसमोर धरलं. "चहा असा लाल नाई सुटत, पोरी."

सुनेनं डोक्यावरचा पदर मागे सारला. कानामागचे केस गेलेले होते, तिथे टाके घातल्याची जागा दिसत होती. मी भिंतीपलीकडे राहत होते. एकदा धपकन आवाज आलेला मला आठवला. पलंग हलवत असतील, असं मी तेव्हा समजले होते.

मावशीनं सुरी घेतली, तो डाग चौकोनी कापून काढला आणि माझ्या पिशवीत कोंबला. "धुवू नका, बाई. ठेवजा."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. नवरा दुपारच्या जेवणाला आला होता. त्यानं उघडी पडलेली फरशी पाहिली, गालिच्याचं चौकोनी भोक पाहिलं. आम्हाला काही विचारलंसुद्धा नाही. सरळ जाऊन बायकोच्या मुस्कटात मारली. बाळ तिच्या कडेवर होतं. तिचं डोकं कपाटावर आपटलं. त्यानं पुन्हा हात उगारला.

मावशीचा दांडका त्याच्या मनगटावर बसला.

असा मार मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं तिच्या हातातून दांडका हिसकला आणि तिलाच झोडायला लागला. पहिला खांद्यावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती खाली पडली आणि पडल्या पडल्या तिनं त्याच्या पायाला मिठी मारली. तो मारत राहिला. तिनं दात रोवले त्याच्या पोटरीत. मग तोंड सोडवून ओरडली, "जा पोरी, जा! बाई, पाहून काय राह्यल्या? घेऊन जा तिले!"

तोपर्यंत मी दाराला धरून उभी होते. खोटं कशाला सांगू? हाक आली तेव्हा कुठे हललो आम्ही दोघी. मी बाळ घेतलं, तिला दंडाला धरून जिना उतरले, रस्त्यावर येऊन ओरडले. समोरच्या पंक्चरवाल्यासह चार माणसं वर धावली. त्यांनी नंतर सांगितलं, मावशीची शुद्ध हरपत आली होती, पण मिठी सुटली नव्हती. बोटं एकेक करून उलगडावी लागली.

पोलिसांत त्यानं सांगितलं की ती चोरी करायला शिरली होती. माझे यजमान म्हणाले, "आपल्याला इथेच राहायचं आहे. तू कशाला पडतेस यात?" मी दोन दिवस विचार करत बसले. मग दवाखान्यात गेले. मावशीच्या हाताला प्लास्टर, अर्धा चेहरा सुजून काळानिळा. मला वाटलं, ती काही मागेल, निदान विचारेल. ती म्हणाली, "त्या पोरीचं लेकरू दूध पेते का?"

तिथून मी सरळ ठाण्यात गेले. जे पाहिलं ते सांगितलं, पिशवीतला तुकडा टेबलावर ठेवला. भिंतीपलीकडच्या आवाजाचंही सांगितलं. तो काही दिवस आत राहिला, मग जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे. सून बाळासह माहेरी केळझरला राहते, शिवणकाम करते. शेजारचे आमच्याशी बोलत नाहीत. एकदा आमच्या खिडकीवर दगड आला. काच आम्ही बदलून घेतली.

मावशीचा हात वाकडाच सांधला. दांडका उचलेना, म्हणून ती तळेगावला लेकीकडे गेली. मधूनमधून फोन करायची आणि हाताला शिव्या द्यायची. नंतर फोन यायचे थांबले. या उन्हाळ्यात लेकीनंच कळवलं, मावशी गेली.

मी तळेगावला गेले. दोन खोल्यांचं घर, लख्ख पुसलेलं. जमिनीवर चटई नाही, सतरंजी नाही, काहीच नाही. लेक माझ्यासाठी शेजारून घडी केलेली सतरंजी घेऊन आली, ती उलगडता उलगडता मधेच थांबली.

"आईले खाली काही अथरलेलं चालेच नाई, बाई," ती म्हणाली. "लय बीमार होती, तरी उघड्या फरशीवरच निजे. म्हणे, खाली काय आहे ते दिसलं पायजे."

"राहू दे," मी म्हटलं आणि भिंतीला टेकून तशीच खाली बसले. लेकीनं सतरंजीची पुन्हा घडी घातली आणि तीही समोर उघड्या फरशीवर बसली.