बारवेचे राखणदार

आमच्या शाळेची सहल दर वर्षी वेरूळला जायची. त्या वर्षी गेली नाही. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. औरंगाबादेत कधी मोर्चा निघेल, कधी बंद होईल, काही सांगता येत नव्हतं, आणि सेलूतले पालक मुलींना तिकडं पाठवायला तयार नव्हते. शिक्षकांच्या खोलीत चर्चा सुरू झाली. कुणी पोखर्णीचा नरसिंह सुचवला, पण निम्म्या मुली तिथं आईबापांबरोबर चार-चार वेळा जाऊन आलेल्या. मला इतिहास शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. नव्या माणसानं गप्प बसावं हा नियम मला कधी पाळता आला नाही. मी म्हणाले, "वेरूळ इथंच आहे, दीड तासावर. माझ्या गावाला चला."

जिंतूरच्या बाजूला आमचं गाव. यादवांच्या काळातली दोन देवळं, एक अर्धं पडलेलं, एक पुरतं, आणि गावाबाहेर एक बारव, म्हणजे पायऱ्यांची चौकोनी विहीर. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनाच याची खबर नव्हती. मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "दाखवणार कोण?"

"माझे नाना," मी म्हणाले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शाळेचं तोंड न पाहिलेले. पण परभणीचे एक प्राध्यापक एकदा विद्यार्थी घेऊन आले होते, त्यांनी नानांना 'गाईड' म्हटलं आणि तो शब्द नानांच्या डोक्यात बसला. कुणी विचारलं की म्हणायचे, "मी गायेड हाय." पडक्या देवळातला दगड न् दगड त्यांना पाठ. आणि बारव म्हणजे त्यांचा जीव. गावात कुणी घराचा पाया खणायला घेतला की नाना दोन दिवस जेवायचे नाहीत, कारण घडवलेला आयता दगड बारवेइतका कुठंच नव्हता. आमच्या लहानपणी तिच्या वरच्या पायऱ्या अशाच गेल्या होत्या.

पण नानांची एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. ते भुतं सांगायचे. बारवेत सात आसरा राहतात, पाण्यातल्या त्या सात बाया, त्यांच्या दगडाला हात लावला की घरातलं माणूस ओढून नेतात. पिंपळावर मुंजा. बांधावर म्हसोबा. ज्या माणसानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले, त्याच्या तोंडी ही भाषा! माझ्या नाकावर राग असायचाच. सहलीच्या आदल्या रविवारी मी गावाला गेले आणि त्यांना बजावलं, "नाना, माझ्या मुली येणार आहेत. भुताखेतांचं एक अक्षर काढायचं नाही."

नाना म्हणाले, "बरं माय. न्हाई काढत."

एस.टी.ची खास गाडी करून आम्ही सकाळी नऊला पोचलो. नाना धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून वेशीत उभे. पन्नास मुलींना पाहून जरा बावरले, पण घटकाभरच. पहिल्या देवळापाशी त्यांनी मुलींना आत नेलंच नाही. म्हणाले, "आदी गावात चला. देऊळ तिकडं बी हाय."

आणि मग त्यांनी आम्हाला जे दाखवलं ते मी इतिहासाची पदवी घेऊनही पाहिलं नव्हतं. एका घराच्या जोत्यात उलटा बसवलेला हत्ती. एका गोठ्यात बैलांना पाणी पाजायची दगडी कुंडी, तिच्या कडेनं वेलबुट्टी. एका अंगणात धुणं धुवायचा दगड, ज्याच्या पोटाखाली नाचणारी बाई. "हिला पालथी घातली तवापसून जशीच्या तशी राह्यली बगा, उताणी असती तर झिजली असती." प्रत्येक दगडापाशी थांबून नाना सांगत, हा देवळात कुठल्या बाजूला, किती उंचावर, कुणाच्या शेजारी होता. मुली वह्यांत चित्रं काढत होत्या. गावभर असं देऊळ गोळा करत आम्ही परत पडक्या भिंतींपाशी आलो, तेव्हा त्या भिंती आम्हाला पडक्या दिसेनात. रिकाम्या जागा भरत गेल्या. मोठ्या बाई खांबाला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं शिकवतेय मी. असं कुणी शिकवलं नाही."

मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी एका मुलीला उगीच रागावले.

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"लहानपनी ढोरं राखायचो हितं. चालतं देऊळ असतं तर मला पायरी चढू दिली नसती कुनी. पडकं हाय म्हनून आत बसाया भेटलं. पडक्या देवळाला सोवळं नसतंय." हे त्यांनी हसत सांगितलं. मुलीही हसल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

वाटेत पिंपळ लागला. नानांनी माझ्याकडं पाहिलं, मग पिंपळाकडं. "हे पिंपळाचं झाड हाय," ते म्हणाले. "पिंपळाचंच हाय." आणि भराभरा पुढं गेले. मला हसू आवरेना. दिलेला शब्द पाळायला त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं.

दुपारी घोंगडी विणणाऱ्याच्या घरी गेलो. खड्ड्यात पाय सोडून म्हातारा मागावर बसला होता, आणि त्याची बायको चिंचोक्याची खळ शिजवत होती. ती खळ लोकरीच्या ताण्याला फासली की सूत ताठ होतं. सगळं घर त्या आंबूस वासानं भरलेलं. म्हातारा एका हातानं धोटा टाकायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा, आणि नजर आमच्याकडं. काळ्या लोकरीत पांढरी कड तो मोजल्याशिवाय आणत होता. मी त्याला विचारलं, कसं कळतं कुठं थांबायचं? तो म्हणाला, "हात थांबतोय की." मुली हळूहळू बोलायच्या बंद झाल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. वर्गात मी खडूचे तुकडे फेकूनही एवढी शांतता मिळवू शकले नव्हते.

निघताना म्हातारी म्हणाली, "बारवंकडं जायलाव जनू? केसं बांधा गं पोरींनो. आसरा हायत तितं."

झालं. पन्नास वेण्या पुन्हा घट्ट बांधल्या गेल्या. मी दात खाल्ले.

बारवेपाशी एक बैलगाडी सोडलेली होती. शेजारच्या शेताचा मालक तिच्या जुवाला टेकून उभा होता. त्याचं नवं घर निघालं होतं, हे मला नानांकडून कळलं होतं. आणखी चार-पाच माणसं सहल बघायला जमलेली. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, आसपासच्या गावांतून वाईट बातम्या आल्या होत्या. आमच्या गावात तसं काही झालं नाही, पण आमच्या वस्तीचं आणि बाकी गावाचं बोलणं त्या वेळी जे कमी झालं ते कमीच राहिलं. तो नानांना "या" म्हणाला नाही, आणि नानाही त्याच्याकडं न बघता पायऱ्यांपाशी गेले.

बारव सुंदर होती. चारी बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या, मध्ये कोनाडे, खाली हिरवं निवळ पाणी. दगडावर दगड, चुना नाही की शिसं नाही. नाना सांगू लागले, दगडाच्या खाचा एकमेकांत कशा बसवल्यात, पावसाळ्यात पाणी कितव्या पायरीला येतं. तेवढ्यात पुढची मुलगी किंचाळली. वरच्या पायरीवर पाच लिंबं ओळीनं ठेवलेली, कुंकू लावलेली, काळ्या दोऱ्यानं बांधलेली. मुली मागं पळाल्या. दोघी रडायलाच लागल्या.

मग माझा तोल गेला. मी पायरीवर उभी राहिले, एक लिंबू उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आसरा-बिसरा काही नसतं! हे अडाण्यांचे खेळ आहेत. विचारा नानांना. नाना, सांगा यांना. आहेत का इथं आसरा?"

नानांनी गाडीजवळच्या माणसाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी पुन्हा म्हणाले, "सांगा ना."

"न्हाई," नाना म्हणाले. "हितं कुनी न्हाई."

"आणि ही लिंबं?"

"मीच ठिवतो. दर अवसंला."

मुली हसायला लागल्या. मला क्षणभर कळेचना. नाना खाली बघत, मोठ्या बाईंना सांगावं तसं हळू बोलले, "धा-बारा वर्सं झाली, म्याडम. दगडं जायलती. मी सांगून बघितलं, कोन आयकतंय माझं? म्हनून मंग आसरा आनल्या. तवापसून एक दगड हाल्ला न्हाई. त्यास्नी पगार बी लागत न्हाई."

गाडीजवळचा माणूस पुढं आला. तोंडावर हसू, पण डोळे पायऱ्यांवर. "म्हंजे नाना, काय बी न्हाई म्हना की हितं. मंग घिऊन जाऊ का दोन-चार पायऱ्या? घराला लागायलीत."

जमलेली माणसं हसली. हातातलं लिंबू कुठं ठेवावं ते मला कळेना. बारा वर्षं एका माणसानं एकट्यानं सांभाळलेलं मी एका वाक्यात मोडलं होतं, तेही वर्गात फळा पुसावा इतक्या सहज. बोलायला तोंड उघडलं, पण कायदा सांगू, सरकार सांगू, काय सांगू? ती माणसं मला ओळखत होती; कालची परकरातली पोरगी.

नाना वाकले. त्यांनी चपला काढल्या. टोपी काढून माझ्या हातात दिली. शेताच्या कडेचं काळ्या मातीचं एक ढेकूळ उचललं, डोक्यावर ठेवलं आणि बारवेच्या काठानं चालायला लागले.

हसणं एकदम थांबलं. मुलींना काही कळलं नाही, पण गावातल्या प्रत्येक माणसाला कळलं. पूर्वी हद्दीचा तंटा पडला की आमच्या वस्तीतल्या माणसाला बोलवायचे. तो डोक्यावर माती घेऊन अनवाणी चालायचा, आणि तो चालेल ती हद्द. पाटलाची असो की कुणाची, ती हद्द मग कुणी ओलांडत नसे. आमच्या आजोबांनी ते केलं होतं. मेलेली जनावरं ओढणं, सांगावे पोचवणं आणि हे, अशी गावकीची सगळी कामं दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी सोडली. नंतर एकदा खुद्द गावचे पाटील नानांकडं आले होते, बांधाच्या भांडणात चाल म्हणून. नानांनी दारातूनच सांगितलं होतं, "ते काम करनारा मानूस मेला." ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जायची. मीही मैत्रिणींना सांगितली होती.

तेच नाना चालत होते. ढेकूळ फुटून माती कपाळावर, भुवयांवर येत होती. ते पुसत नव्हते. चारी बाजू, एकही पायरी न वगळता. मुलींना वाटलं हा सहलीचाच भाग आहे; त्या ओळ करून त्यांच्यामागून चालायला लागल्या. पन्नास मुली, खाकरणं नाही, कुजबूज नाही. मी जागेवरच उभी होते. एका हातात लिंबू, एका हातात टोपी.

फेरी पुरी झाली तेव्हा गाडीवाल्याच्या पायांत वहाणा नव्हत्या. त्यानं कधी काढल्या, मी पाहिलं नाही. तो नानांपुढं आला आणि पडल्या आवाजात म्हणाला, "पुरं झालं नाना. उतरवा ती माती. न्हाई नेत." बैल जुंपून तो रिकामी गाडी घेऊन गेला. बाकीचे एकेक करून पांगले. त्यानंतरही किती वर्षं मी गावाला जात होते. एक पायरी हलली नाही.

नानांनी खाली उतरून बारवेच्या पाण्यानं तोंड धुतलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "शेवटचा कार्यक्रम फार छान बसवला होता हो." मी फक्त मान हलवली. एरवी मी कुणाला सोडत नाही.

संध्याकाळी वेशीत गाडी चालू करून ड्रायव्हर हॉर्न देत होता. मुली चढत होत्या. मी नानांना टोपी परत दिली. त्यांच्या कानामागं अजून माती होती. मी म्हणाले, "नाना, माझ्यामुळं तुम्हाला ते करावं लागलं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, न्हाई गं माय, असू दे.

"तुझ्यामुळंच की," नाना म्हणाले. "मंग आनिक कोनामुळं?" त्यांनी टोपी झटकली आणि डोक्यावर नीट बसवली. "तू बोललीस ते खरंच हाय. लय बरं बोललीस. पन तू बोलून गाडीत बसनार, माय. मला हितं राह्याचंय."

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी गाडीत जाऊन बसले.